बारा मिनिटं वजा

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे, ही गोष्ट घरात कुणापासून लपलेली नव्हती. लपलेली असती तर निदान तिचा काही उपयोग झाला असता. घड्याळ पुढे ठेवतात ते माणसाने फसावं आणि लवकर घराबाहेर पडावं म्हणून. आमच्याकडे फसायला कुणी तयारच नव्हतं. आई, बायको, कन्या आणि मी, चौघेही त्या घड्याळाकडे बघायचो, मनातल्या मनात बारा वजा करायचो आणि मग चपला शोधायला लागायचो. म्हणजे घड्याळ पुढे असण्याचा फायदा शून्य आणि वजाबाकीचा ताप मात्र रोजचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आणि मी तर पोटापाण्यासाठी तत्त्वज्ञान शिकवतो.

त्यातही माझा खास विषय सवय. सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत युरोपातल्या मोठमोठ्या डोक्यांनी सवय, रूढी आणि मनुष्यस्वभाव यांबद्दल जे म्हणून ठेवलंय, ते मी सव्वीस वर्षं दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगतो आहे. एक म्हणतो, सवय हळूच घरात शिरते आणि बस्तान बसलं की घरमालकालाच दटावायला लागते. दुसरा म्हणतो, उद्या सूर्य उगवेल ही आपली खात्री तरी काय, नुसती सवय! तिसऱ्याला तर अशी शंका आहे की आपण ज्याला स्वभाव म्हणतो तीसुद्धा एखादी जुनी सवयच असेल. हे सगळं मी दर वर्षी त्याच क्रमाने, त्याच विनोदांसह सांगतो. यंदा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, तुम्ही स्वतः नुसता विचार करून अशी कुठली सवय सोडलीत?" मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. असं म्हटलं की साधारणपणे घंटा होते. त्या दिवशी झाली नाही. बावीस मिनिटं बाकी होती. ती कशी काढली ते माझं मला ठाऊक.

त्या रविवारी मी स्टुलावर चढलो.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"घड्याळ बरोबर लावतोय. बुद्धी असलेल्या चार माणसांनी रोज एका खोट्या घड्याळाशी हिशेब करत बसायचं, हे मला आता सहन होत नाही."

"इतकी वर्षं झालं की सहन."

"ती सवय होती."

"अहो, माझी मुलाखत अडीच आठवड्यांवर आलीय," ती म्हणाली. "तोवर या घरात काही नवं नको. नंतर घड्याळ काय, भिंत बदला."

मुलाखतीचं मला सांगायलाच हवं. बायको एका बँकेत एकोणीस वर्षं काम करते आहे आणि शाखाधिकारी होण्यासाठी विभागीय कार्यालयात मुलाखत होती. ही मुलाखत तीन वर्षांनी एकदा होते, आणि पुढच्या खेपेला ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे हीच शेवटची संधी. पत्रात ठळक अक्षरांत छापलं होतं की अकरानंतर येणाऱ्या उमेदवाराची नोंद होणार नाही. ते पत्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, आणि कपाट उघडलं की ती ते वाचायची. मला हे सगळं माहीत होतं. तरीही मी काटा बारा मिनिटं मागे घेतला, कारण घड्याळाचा आणि मुलाखतीचा संबंध काय?

घरात सूचना म्हणून मी एक कागद लिहून घड्याळाखाली लावला: "हे घड्याळ आता बरोबर आहे. कृपया वजाबाकी करू नये." तिघींनी तो वाचला. आईने अक्षर चांगलं आलंय म्हणून कौतुकही केलं. आणि सोमवारी सकाळी तिघींनी घड्याळाकडे पाहिलं, बारा वजा केले आणि तिघीही बारा मिनिटं उशिरा घराबाहेर पडल्या. आई दवाखान्यात पोचली तेव्हा तिचा नंबर पुकारून झाला होता. कन्येच्या वर्गाचं दार लागलं होतं. संध्याकाळी मी तिघींना समोर बसवून विचारलं, कागद दिसला नाही का?

"दिसला की," कन्या म्हणाली. "बाबा, मला माहितीय ते बरोबर आहे. पण मी बघायच्या आधीच वजा होऊन जातं."

यावर मी चिडलो. चिडायला नको होतं, कारण जे मला एक अख्खं सत्र फळ्यावर लिहूनही मांडता आलं नव्हतं ते ती एका वाक्यात बोलून गेली होती. पण स्वतःच्या घरात आपला विषय दुसऱ्याला जास्त कळतो, हे कुणाला आवडेल?

बुधवारी मीच कॉलेजात उशिरा पोचलो. कसा, ते विचारू नका. प्राचार्यांकडून लेखी खुलासा मागवणारा कागद आला. मी प्रामाणिक माणूस आहे. मी लिहिलं, "घरातील घड्याळ बरोबर असल्यामुळे उशीर झाला." कागद त्याच दिवशी परत आला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, "खुलाशाचा खुलासा करावा." मी सव्वा पानाचा खुलासा केला. त्यात रूढीची व्याख्या होती, बुद्धीच्या मर्यादा होत्या. तो कागद अजून परत आलेला नाही, पण तेव्हापासून प्राचार्य जिन्यात भेटले की माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण गुरुवारी सकाळी दारावर थापा पडल्या. दारात वरच्या मजल्यावरची पाच माणसं बादल्या घेऊन उभी होती.

झालं होतं असं. आमचं घड्याळ जिन्याच्या खिडकीतून दिसतं. आमच्या इमारतीचा पंपवाला रोज सकाळी त्या खिडकीतून आमच्या घड्याळात सहा वाजलेले बघून पंप सुरू करायचा. तो वजाबाकी वगैरे करत नसे. त्याचे सहा म्हणजे खरे पाच अठ्ठेचाळीस, आणि नळाला पाणी असतं तेवढ्या वेळात टाकी भरायला नेमकं तेच लागायचं. मी घड्याळ बरोबर लावल्यापासून पंप बारा मिनिटं उशिरा सुरू होत होता. टाकी अपुरी राहत होती आणि चार दिवस वरचा मजला कोरडा होता. मी म्हटलं, मग पंपवाल्याला बारा मिनिटं आधी यायला सांगा. पंपवाला म्हणाला, "सर, मी सहालाच येतो. मी वेळेचा पक्का आहे."

शनिवारी इमारतीची खास सभा भरली. आमचे सेक्रेटरी कोर्टातून निवृत्त झालेले कारकून आहेत, आणि इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही म्हणून त्यांची सगळी विद्या पडून राहिली होती. ती त्यांनी त्या संध्याकाळी झटकून बाहेर काढली.

"घड्याळ तुमचं, हे मान्य," ते म्हणाले. "पण त्या घड्याळात बघण्याची वहिवाट सर्वांची आहे. अकरा वर्षं बिनहरकत वापर चालू आहे. तो तुम्हाला परस्पर मोडता येणार नाही."

"पण ते चुकीचं होतं!"

"चूक अकरा वर्षं चालली की तिला चूक म्हणत नाहीत, सर. हे तुम्हाला आम्ही सांगायचं?"

खरं म्हणजे माझ्या तत्त्वज्ञांपैकी निदान दोघांनी सेक्रेटरींना मिठी मारली असती. कायद्याचं सगळं वजन रूढीच्या पाठीवर असतं, लोक कायदा पाळतात ते तो योग्य असतो म्हणून नव्हे तर जुना असतो म्हणून, हे तर मी परीक्षेला विचारतो. पण परीक्षेला विचारणं वेगळं आणि स्वतःच्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल ऐकून घेणं वेगळं. "घड्याळ तूर्त पूर्ववत करावे," असा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे माझी बायकोसुद्धा. तिने हात वर केला तेव्हा माझ्याकडे पाहिलंही नाही.

सभेनंतर वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण पद्धत चुकली. झटका दिलात. सवयीला झटका चालत नाही. रोज एक मिनिट मागे घ्या. बारा दिवसांत बारा मिनिटं. कुणाला कळणारसुद्धा नाही. पंपवालासुद्धा आपोआप सरकेल." हा सल्ला मला इतका शास्त्रीय वाटला की मी त्यांना चहाला बोलावलं. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रोज नको, एक दिवस आड करा, हिरड्यांना सवय लागायला वेळ लागतो. हिरड्यांचा इथे काय संबंध ते मी विचारलं नाही.

ठरावाप्रमाणे मी काटा पुन्हा बारा मिनिटं पुढे केला आणि रविवारपासून रोज सकाळी स्टुलावर चढून एक मिनिट काढू लागलो. कुणाला कळणार नाही, हा इंजिनियरसाहेबांचा अंदाज दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी कन्येने विचारलं, "बाबा, आज किती वजा?" तेव्हा मी घड्याळाखाली तक्ता लावला. त्यावर रोजचा आकडा: आज वजा करा, नऊ. आज वजा करा, आठ. आता वजाबाकीच्या आधी तक्ता बघणं आलं, आणि तक्त्यावर कालचाच आकडा राहिलाय का, ही शंका आली. आईने तर सरळ शेजारी जाऊन वेळ विचारायला सुरुवात केली, आणि शेजारचे आमच्याच घड्याळात बघून सांगायचे. पंपवाला थोडाथोडा सरकत होता हे खरं, पण टाकीही थोडीथोडी रिकामी राहत होती. वरच्या मजल्याची मला बघून मान फिरवायची पद्धत मात्र एकदम, झटक्यात, पक्की झाली.

बायकोने या सगळ्यातून स्वतःला काढून घेतलं होतं. तिचं मनगटी घड्याळ पहिल्यापासून भिंतीवरच्या घड्याळाला जुळवलेलं, म्हणजे बारा मिनिटं पुढे. "भिंतीकडे मी आता बघणारच नाही," तिने मला बजावलं. "माझ्या घड्याळात बारा पुढे आहेत, मी बारा वजा करते, माझं चाललंय. मुलाखत होईपर्यंत माझ्या हातातल्या घड्याळाला तुमचा हात लागता कामा नये."

"नाही लावणार," मी म्हणालो. आणि तसं म्हणताना मी अगदी खरं बोलत होतो.

मुलाखतीचा दिवस गुरुवार, म्हणजे नेमका बारावा दिवस. सकाळी मी शेवटचं मिनिट काढलं. तक्त्यावर शून्य लिहिलं. घरात सगळं खरं झालं होतं, आणि टेबलावर तिचं ते एक घड्याळ तेवढं बारा मिनिटं खोटं बोलत पडलं होतं. ती अंघोळीला गेली होती. मी शपथेवर सांगतो, मी विचार केला नाही. विचार केला असता तर लावला नसता हात. चष्म्याच्या काचेवर डाग दिसला की आपण सदऱ्याच्या टोकाने पुसतो, तसं मी ते उचललं, बरोबर लावलं आणि परत ठेवलं. ती बाहेर आली की सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात दूध उतू गेलं, आईने हाक मारली, आणि मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढून सवयीवरचं माझं टिपण नव्याने लिहायला बसणार होतो, ते लिहायला बसलो.

"आज बाई बरंच लवकर आवरलं माझं," बायको मनगटाकडे बघत म्हणाली. तिने शांतपणे केस विंचरले. फाइल पुन्हा एकदा तपासली. आईच्या पाया पडली. "दहाला दोन कमी आहेत. दहा पाचची बस आरामात मिळते. येते हो."

मी लिहीत होतो. सवय सर्वांत बलवान असते तेव्हा ती दिसतच नाही, असं वाक्य होतं. चांगलं वाक्य होतं. त्यानंतर पाचेक मिनिटांनी मी सहज भिंतीकडे पाहिलं. सव्वादहा.

म्हणजे मी बरोबर लावलेल्या घड्याळातून ती बारा वजा करून गेली होती. मी सदरा उलटा घालून जिना उतरलो, वाटेत इंजिनियरसाहेबांना ढकललं आणि थांब्यावर पोचेपर्यंत दहा पंचविसाची बस हलताना पाहिली. तिच्यात खिडकीशी ती बसलेली होती. माझ्या हाका तिला ऐकू आल्या नाहीत. थांब्यावरच्या चांभाराला ऐकू आल्या. तो म्हणाला, "बाई मघाशी मला वेळ विचारत होत्या. सांगितली तर खालीच बसल्या एकदम." ही बस तिकडे पोचणार अकरा वाजून आठ मिनिटांनी. एकोणीस वर्षं, आणि आठ मिनिटं. आणि ती आठ मिनिटं माझी होती.

दुसरा कुणी असता तर रिक्षा करून थेट गेला असता. मी आधी घरी गेलो आणि अर्ज लिहिला. दोष उमेदवाराचा नसून माझा आहे, हे मला लेखी सिद्ध करायचं होतं. अर्ज दोन पानांचा झाला. मग रिक्षा.

विभागीय कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर एक खिडकी, खिडकीत एक कारकून, त्याच्या पुढे रजिस्टर. समोर लांब बाक, बाकावर उमेदवार. तिसरी माझी बायको, मांडीवर फाइल धरून. मी तिच्याकडे न बघता थेट खिडकीशी गेलो आणि अर्ज आत सरकवला.

"काय आहे हे?" कारकुनाने विचारलं.

"वाचा. सगळं त्यात आहे."

तो मोठ्याने वाचायला लागला. "सोळाव्या शतकापासून मानवी मनावरील रूढीच्या प्रभावाचा विचार करता..." तो थांबला. पान उलटायच्या आधी त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात माझी नजर उलट्या बाजूने रजिस्टरवर गेली. तिसऱ्या ओळीत बायकोची सही होती. सहीसमोर वेळ होती: दहा अठ्ठावन्न.

मी मान वर केली. कारकुनाच्या डोक्यावर भिंतीवर घड्याळ होतं. त्यात अकरा दहा झाले होते. माझ्या मनगटावर अकरा वीस. ते घड्याळ दहा मिनिटं मागे होतं.

माझा हात आपोआप वर गेला. बोटसुद्धा पुढे आलं. असं घड्याळ दिसलं आणि मी गप्प बसलो, असं आयुष्यात कधी झालेलं नाही. लोकांच्या दुकानांतली, दवाखान्यांतली, एकदा तर एका अनोळखी माणसाच्या हातातलं घड्याळ मी बरोबर लावून दिलंय. त्या वर गेलेल्या हातामागे मला बायको दिसली. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. राग मी ओळखतो, बावीस वर्षांचा संसार आहे. ती घाबरली होती. आणि ती रजिस्टरला घाबरली नव्हती, मला घाबरली होती. आपल्या माणसाने आपल्याकडे असं बघावं, याची मला इतकी लाज वाटली की मी हात खाली घेतला.

"सर, हे नक्की कशाबद्दल आहे?" कारकून म्हणाला. पहिलं पान अजून अठराव्या शतकात होतं. उशिराचा उल्लेख दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत होता.

"तत्त्वज्ञानाबद्दल," मी म्हणालो आणि कागद ओढून घेतला. "चुकीच्या खिडकीवर दिला वाटतं."

"प्रोफेसर आहात होय? बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "सकाळपासून दोघेतिघे म्हणतायत की हे आमचं घड्याळ मागे आहे म्हणून. साहेबांना सांगायचं तर नक्की माहिती हवी. तुमचं बरोबरच असणार. किती झालेत?"

बुद्धी नुसती बसून हिशेब करते, हात हलतो तो जीव कुणावर तरी जडलेला असतो म्हणून, हे मी सव्वीस वर्षं मुलांना उतरवून देत आलो होतो. मी मनगटाकडे पाहिलं. नीट पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं, तेवीस सेकंद.

"अकरा दहा," मी म्हणालो.

"बघा! लोकांना उगीच शंका," कारकून म्हणाला.

मग मी बाकाच्या टोकाला बसलो. बायकोला आत बोलावलं, ती गेली, आणि पुढची चाळीस मिनिटं मी त्या चुकीच्या घड्याळासमोर हात मांड्यांखाली दाबून बसून होतो. माझी ही चाळीस मिनिटं कुणी मोजली नाहीत. मोजली असती तर सवय दाबून बसायला काय लागतं ते कळलं असतं.

यादी चार वाजता लागली. जागा तीन होत्या आणि तिचं नाव दुसरं होतं. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "शेवटी त्यांनी वक्तशीरपणाबद्दल विचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, त्याची काळजीच नाही. आमच्या घरात सगळे वेळेचे पक्के. माझे मिस्टर घड्याळ मिनिटभरही मागेपुढे होऊ देत नाहीत, आणि ते कधी कुणाला चुकीची वेळ सांगत नाहीत."

या बोलण्यात तीन चुका होत्या. मी एकही काढली नाही.